माय, तुझ्या झाडाला पिवळा काठ नव्हता

माय,

तू गेल्यावर तुझ्या ज्या वस्तू माझ्याकडे आल्या, त्यांत जिवंत अशी एकच होती. पितळी पातेली, अडकित्ता, दोन लुगडी यांना खायला-प्यायला काही लागत नाही, म्हणून ती अजून धड आहेत. जिवंत होतं ते तुझं झाड. वाटूरच्या आपल्या स्वयंपाकघरात, मांडणी आणि भिंत यांच्या मधल्या फटीत, तेलाच्या गंजक्या डब्यात ते उभं असायचं. उंच, ताठ, जाड पानं आणि गर्द हिरव्यावर राखाडी आडवे पट्टे. तू शाळेत झाडलोटीला जायचीस. तिथे मोठ्या सरांच्या खोलीला रंग द्यायचा होता म्हणून कुणीतरी ते बाहेर टाकलं आणि तू ते पदराखाली झाकून घरी आणलंस. ते काय आहे हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. बापू म्हणायचे घायपात आहे, मोठं होऊ द्या, दोर वळू. शेजारची काकू कोरफड समजून एक पान घेऊन गेली, डोक्याला चोळलं आणि दुसऱ्या दिवशी डोकं खाजवत भांडायला आली. तू चुलीपुढून उठलीही नाहीस. "कोरफडीच्या काठाला काटे राह्यतेत, मधी गर राह्यतो," म्हणालीस, "याला हाय का काही? डोळे हायेत का बटनं?" काकू वर्षभर आपल्याकडे आली नाही.

त्याचं नाव आम्हाला तू गेल्यावर कळलं. तुझ्या नातीनं त्याच्यापुढे मोबाइल धरला, फोटो काढला आणि सांगितलं, "बाबा, हे स्नेक प्लांट आहे." पुढे वाचून दाखवलं, की नवशिक्यांसाठी याच्याइतकं सोपं झाड दुसरं नाही, दुर्लक्ष केलं तरी जगतं, मारू म्हटलं तरी मरत नाही. मी ते तीन महिन्यांत मारलं.

कसं, ते सांगतो. आधी मी त्याला तुझ्या डब्यातून काढलं. आईचं झाड गंजक्या डब्यात बरं दिसत नाही, म्हणून नवी कोरी प्लास्टिकची बादली आणली. तिला भोक पाडलं नाही, कारण पाणी खालच्या मजल्यावर ठिबकलं असतं. डब्याला गंजून पडलेली भोकं हीच त्याची सोय होती हे माझ्या डोक्यात आलं नाही. दुसरं म्हणजे, जालन्यात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, हे तुला माहीत आहे. नळ सुटला की तुझी सून आतून ओरडते, "अहो, पिंप रिकामं करा जल्दी, शिळं पाणी काढा!" आणि माझ्या कानात तुझा आवाज येतो, "शिळं झालं तरी पाणीच हाय ते. सांडू नको, झाडाला घाल." तुझ्या घरी झाडाला घाल म्हटलं की लिंब होता, पेरू होता, शेवगा होता. माझ्याकडे तिसऱ्या मजल्यावर एक बादली. दर खेपेला पिंपाच्या तळाचं सगळं पाणी मी त्या एकट्याला पाजलं. पानं पिवळी पडली तेव्हा वाटलं, तहानलंय बिचारं, म्हणून मधल्या दिवसांतही घातलं. तीस वर्षं पाटबंधारे खात्यात कारकुनी केलेला माणूस मी! एके सकाळी पान पुसायला धरलं तर ते अख्खं हातात आलं. बुडाशी लिबलिबीत झालेलं, कुजक्या कांद्याचा वास. मी बादलीपुढेच बसलो. तू दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं मला.

आणि तिथेच, उशिरा, आठवलं. मी सहा-सात वर्षांचा आहे. तुला मदत म्हणून मी त्या डब्यात तांब्याभर पाणी ओतलंय आणि पाठीत धपाटा बसलाय. "पाणी पाजून राह्यला का बुडवून राह्यला?" तू माझं बोट धरतेस आणि मातीत खुपसतेस. "दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच पाणी. वल्लं लागलं, तर हात जोडून निघून जायचं." तुझे नियम दोन होते, माय. मी नेमका नको तो लक्षात ठेवला.

घरात कुणाला कळायच्या आत मी रोपवाटिकेत गेलो. तिथे होती ती सगळी पिवळ्या काठाची. साधं हिरवं मागितलं तर तिथला माळी म्हणाला, "साहेब, आजकाल हाच माल चालून राह्यला." घेतलं. तुझ्या सुनेनं बघितलं आणि म्हणाली, "अगंबाई, जरीकाठी झालं की हो!" मी म्हणालो, शहराची हवा मानवली. ती गालात हसली आणि पुन्हा कधी तिनं विषय काढला नाही, यावरून काय ते समज.

निभावलंही असतं. पण होळीच्या सुमारास टेंभुर्णीहून तुझ्या लेकीचा फोन आला. नवं घर होत आलंय, दिवाळीनंतर वास्तुशांती. "दादा, मला काही आहेर नको. मायच्या झाडाचा एक फुटवा दे फक्त." लहानपणी दर शनिवारी ओल्या फडक्यानं ती पानं पुसायचं काम तिचं होतं. तिला जरीकाठ दाखवून काय सांगणार होतो? मायचं शेवटचं झाड मी मारलं, हे सांगायची माझी छाती नव्हती.

वाचवलं तुझ्या नातीनं, तिच्या नकळत. सहज म्हणाली, "बाबा, एक गंमत. याचं पान कापून लावलं ना, तर फुटव्याला पिवळा काठ येत नाही. नुसता हिरवा येतो." मी त्याच दुपारी एक पान कापलं. त्याचे चार तुकडे केले, खालची बाजू कुठली त्याची पेनानं खूण करून ठेवली, दोन दिवस सावलीत सुकवले आणि भोक असलेल्या कुंडीत, वाळू मिसळून लावले. मग वाट. तू त्या झाडासाठी काय करायचीस हे मला तेव्हा कळलं. तू काहीच करायची नाहीस, आणि काहीच न करणं फार अवघड असतं. नळाच्या दिवशी हातात शिळं पाणी घेऊन मी कुंडीपुढे उभा राहायचो, बोट खुपसायचो, ओलं लागायचं, हात जोडायचो आणि जाऊन त्या पाण्यानं जिना धुवायचो. सगळी बिल्डिंग माझं कौतुक करते. चारांतले तीन तुकडे गेले. चौथ्याच्या बुडाशी पावसाळा सरता सरता एक टोक वर आलं. हिरवं, राखाडी पट्ट्यांचं. काठ नाही.

परवा तुझी लेक आली. जरीकाठी मी आधीच शेजारी नेऊन ठेवलं होतं, कुंडीतला पिवळ्या काठाचा जुना तुकडाही कापून टाकला होता. तिनं कुंडी मांडीवर घेतली, पानावरून बोट फिरवलं आणि रडायलाच लागली. "बराबर मायचंच हाय." मग डोळे पुसत म्हणाली, "दादा, एक सांगू? रागावू नको. मायनं मलाबी एक दिल्तं, लग्नानंतर. मेलं ते. शिळं पाणी घालून घालून. तिला सांगितलंच न्हाई मी. ती येणार म्हणली की शेजारणीकडचं आणून ठेवायची दारात."

आता बोलायचं होतं, माय. याहून चांगली वेळ आली नसती. आणि मी काय म्हणालो? "एवढं एक झाड सांभाळता आलं न्हाई तुला?" अगदी तुझ्या सुरात. वर तिचं बोट धरून मातीत खुपसलं, "दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच." तिनं मान खाली घालून हो म्हटलं. स्वयंपाकघरात तुझ्या सुनेला जोराचा ठसका लागला.

खरं तर हे पत्र टेंभुर्णीला जायला हवं. पण ती वाचेल, फोन करेल आणि मला फाडून खाईल. तू ओरडणार नाहीस, म्हणून तुला लिहिलं. आणि लिहिताना सगळा वेळ मी तुझ्या ओरडण्याचीच वाट बघत होतो.