मोनिकाच्या डोळ्यात

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
दि. १२ जून

ती. दादा,

नमस्कार. मी ठीक आहे, तुम्हीही सगळे ठीक असाल. इथं नळाला पाणी आठवड्यानं येतं, म्हणून खोलीभर बादल्या आणि घागरी मांडल्यात. चालायला जागा नाही. बद्रीनाथकाकांचे गुडघे कसे आहेत? आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी अजून तशीच डब्यात आहे. सध्या माझ्या घशाखाली काही उतरत नाही. त्याचं कारण पुढं लिहिते.

तू रोज फोनवर विचारतोस, काकांच्या मोनिकाच्या लग्नातला तो डोळ्याचा फोटो कधी देतेस. फोटो तयार आहे. पण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. ‘बरं बरं, ठेव आता’ म्हणतोस. पत्राला तसं म्हणता येत नाही.

आधी एक लिहून टाकते. बाबा गेल्यावर मला कॉलेजला पाठवायला देवगावात कुणीच तयार नव्हतं. काका म्हणाले होते, पोरगी शहरात गेली की हातची जाते. तू त्यांच्याशी भांडलास, माझी पेटी मोटारसायकलला बांधलीस आणि मला इथं आणून सोडलंस. आपल्या घरात पहिली पदवी माझी, आणि ती तुझ्यामुळं. हे मी कुठंही, कुणासमोरही सांगेन. म्हणूनच पुढचं लिहायला मला इतके दिवस लागले.

गुलमंडीतल्या आमच्या स्टुडिओचा तो फोटो लोकांना फार आवडतो, हे तुला माहीत आहे. नवरीचा एकच डोळा, भिंतीएवढा मोठा, आणि बुबुळात उभा नवरदेव. लोकांना वाटतं त्यात काही जादू आहे. जादू कसली? मॅक्रो लेन्स डोळ्याच्या इतकी जवळ न्यायची की पापणीचा केस दोरीएवढा दिसतो. समोर जे उजेडात असेल ते बुबुळावर उमटतं. पण आपल्याकडं अंतरपाट धरेपर्यंत नवरा-नवरीनं एकमेकांना बघायचं नसतं. मग नवरदेव समोर उभा करणार कसा? म्हणून आम्ही त्याचा फोटो टॅबवर लावून लेन्सशेजारी धरतो. मला हे आधीपासून थोडं खोटं वाटायचं. पण स्टुडिओचे मालक मंदार सर म्हणायचे, लग्नात खरं काय असतं, फोटोच तेवढा.

मोनिकाच्या लग्नाच्या दिवशी टॅब बंद पडला. मीच तुला हाक मारली. म्हटलं, दादा, तुझा मोबाइल मोठा आहे, सत्यमरावांचा फोटो लाव, उजेड पूर्ण कर आणि माझ्या खांद्यावरून पुढं धर. मला मोबाइलची पाठ तेवढी दिसत होती. बाकी सगळं लक्ष मोनिकाच्या पापणीवर.

ती खोली आठवते का तुला? हेअर स्प्रेचा वास, कुणीतरी कोपऱ्यात ठेवलेलं अर्धवट खाल्लेलं जिलेबीचं ताट, त्यावर माश्या. कडूबाईमावशी पलंगावर पाय पसरून बसली होती.

तू म्हणालास, “मोने, इकडं बघ. लाजू नको. नीट बघून घे याला.”

मावशी म्हणाली, “आत्ताच बघून घे गं बाई, नंतर रोज बघून कंटाळशील!”

सगळ्या बायका हसल्या. मोनिकाचा डोळा भरून आला. तू म्हणालास, “बघ, लई जीव हाय हिचा त्याच्यावर. मांडवात गप ऱ्हायली तर त्याला कायबी व्हणार नाय.” मावशी तोंडाला पदर लावून म्हणाली, “आता नवऱ्याला काय व्हायचंय रे, मेल्या!” परत हशा. मी म्हणाले, “मोना, रडू नको, काजळ पसरेल. दादाकडं बघ आणि हस.” आणि ती हसली, दादा. मी बटण दाबलं.

लग्नानंतर स्टुडिओत मी तो फोटो मोठ्या पडद्यावर उघडला. इतक्या जवळून माणसाचा डोळा सुंदर दिसत नाही. पापण्यांना लावलेला गोंद पिवळट दिसतो, काजळाचे गोळे दिसतात, लाल शिरा दिसतात. ते सगळं साफ करणं हे माझं काम. साफ करत करत बुबुळावर आले. मधोमध मोबाइलचा पांढरा चौकोन होता. मोठा केला.

त्यात सत्यमराव नव्हते.

त्यात कृष्णा होता. मोनिकाच्या वर्गातला, कन्नडच्या कॉलेजातला. आपल्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये जमिनीवर बसवलेला, मागं आपली निळी फवारणीची टाकी. शर्ट फाटलेला, ओठातून रक्त, एक डोळा सुजून बंद. चौकोनाच्या वर तुझा चेहरा होता, फेटा बांधलेला. नट आवळताना जीभ दातांत धरतोस तशी धरलेली. तू हसत होतास.

मी उठून बाहेर गेले आणि गटारात उलटी केली. तेव्हापासून काही खायला घेतलं की ती खोली आठवते, तो वास, ते हसणं. बायकांच्या त्या हसण्यात माझाही आवाज होता.

मंदार सरांना दाखवलं. मला वाटलं, शिकलेला माणूस आहे, काहीतरी म्हणेल. त्यांनी चष्मा वर केला, पाहिलं, आणि म्हणाले, “कुणीतरी पाहुण्यानं थट्टा केलेली दिसते. ते पुसून नवरदेव बसव. क्लायंटला डोळ्यात नवराच दिसला पाहिजे.” मी म्हणाले, सर, मारलंय त्याला. ते म्हणाले, “तनुजा, तुझ्याच घरचं लग्न ना? मग तर लवकरच पुसून टाक.” असं म्हणून त्यांनी चहा मागवला. माझ्यासाठीसुद्धा. त्या चहावर साय धरेपर्यंत मी बघत बसले, मग मूळ फाइल घेऊन निघाले. परत गेलेले नाही. तिथं जाऊन आता लोकांचे डोळे साफ करणं मला जमणार नाही.

तू सगळ्यांना सांगितलंस की कृष्णा पुण्याला कामाला गेला. मी त्याच्या घरी फोन केला. आपलं आडनाव ऐकताच त्याच्या आईनं फोन ठेवला. दादा, आपलं आडनाव ऐकून एक बाई घाबरते. तुला ही इज्जत वाटत असेल. मला स्वतःचं नाव सांगायची घाण वाटली. दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला. तो मामाकडं असतो. त्या डोळ्यानं त्याला अजून धूसर दिसतं.

मोनिकाला सासरहून आणायला मुराळी म्हणून तूच गेलास. गाडीत तिच्याशेजारी बसून आलास, वाटेत तिला उसाचा रस पाजलास. ती मला म्हणाली, “तो सारखा विचारत होता, थंड हाय का, गोड हाय का. मला त्या ग्लासाची शिसारी आली होती, पण पिले.” अल्बमचे फोटो निवडायला म्हणून मी तिला तुमच्याकडून मागून घेतलं, तेव्हा तूच तिची बॅग उचलून एसटीत ठेवलीस. अल्बम नव्हता. मी तिला तो एकच फोटो दाखवला. तिनं बघितला आणि म्हणाली, “मला वाटलं, तुला तेव्हाच दिसलं असंल. तुझा डोळा तर माझ्या डोळ्याला लागला होता.”

मी तिची बॅग उचलून माझ्या पेटीवर ठेवली.

ती माझ्याकडंच आहे. रविवारी तिला सासरी पोचवायला गाडी घेऊन येऊ नकोस, ती येणार नाही. सत्यमरावांना तिनं स्वतः फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, तुला बळजबरीनं आणलंय हे मला माहीत नव्हतं, तुला नको असेल तर मी अडवणार नाही. पुढं शिकायचं, कृष्णाला भेटायचं की नाही, ते ती ठरवेल. मीही तिला विचारत नाही. तिला आजवर सगळ्यांनी हुकूमच सोडलेत.

आई मावशीकडं जाते म्हणून निघाली होती, ती आधी इथं आली. मी तिलाही फोटो दाखवला. मला वाटलं, ती मोनिकाला जवळ घेईल. तिनं पदरानं मोबाइलचा पडदा पुसला, जणू डाग वरूनच पडलाय. म्हणाली, “एवढं जवळून कशाला बघायचं गं माणसाला? लांबून बघितलं की सगळी चांगलीच दिसत्यात. पुसून टाक. तुझ्या भावानं तुला शिकवलं.” मला आईची किळस आली, दादा. हे लिहायला नको वाटतं, पण आली. मोनिका भांडी घासत होती. तिनं सगळं ऐकलं आणि मोरीत तांब्यानं पाणी ओतत राहिली.

शिकवलंस, हे खरं आहे. पण मला शहरात पाठवणारा हात आणि कृष्णाला शेडमध्ये बसवणारा हात वेगळा होता, अशी समजूत मी स्वतःची घालत होते. तसं नाही. तू ठरवायचंस कोणी बाहेर जायचं आणि कोणी नाही. माझ्या बाबतीत ते माझ्या सोयीचं निघालं, एवढंच.

सोबत फोटो पाठवतेय. काहीही पुसलेलं नाही. आधी एकट्यानं बघ, मग काकांना दाखव. मुलीच्या डोळ्यात काय होतं ते त्यांना कळू दे.

बुधवारी मोनिका आणि कृष्णा पोलिसांत जबाब देणार आहेत. वकीलबाई म्हणाल्या, फोटो कुणी काढला ते काढणाऱ्यानं येऊन सांगावं लागेल. मी जाणार आहे. तू आधी स्वतः जाऊन सांगितलंस तर मला बरं वाटेल, पण त्यावर मी थांबणार नाही. ते विचारतील, मोबाइल धरणारा हा माणूस कोण. मी तुझं पूर्ण नाव सांगेन. मग विचारतील, तुमचा कोण लागतो. चुलत, मावस असं काही म्हणून मला सुटता येणार नाही, आणि सुटायचंही नाही.

तुझी सख्खी बहीण,
तनुजा