रेघेकडे पाठ

९ मार्च

प्रिय दादा,

इतके दिवस पत्र नाही, निरोप नाही, त्याबद्दल माफ कर. फोन मी मुद्दामच उचलत नव्हते, हेही सांगून टाकते. नाहीतर रेंज नव्हती, कामात होते असं काहीबाही लिहिलं असतं आणि मग ते खोटं मनाला टोचत राहिलं असतं. फोनवर तू पहिल्याच वाक्याला मला हसवतोस, आणि ठेवल्यावर लक्षात येतं की विचारायचं ते राहूनच गेलं. कागदावर तुला तसं करता येणार नाही. डायरीत हे सगळं लिहून पाहिलं, पण डायरीत बोलणारीही मीच आणि आक्षेप घेणारीही मीच. हे तू वाचायला हवंस.

आई बरी आहे. गुडघ्याची तक्रार आहे, पण जिना उतरताना मदत करायला गेलं की मलाच ओरडते. खेकडाही बरा आहे. आपल्या ट्रॅक्टरला हे नाव तूच दिलंस: पुढची बकेट म्हणजे नांगी, मागचा खोदायचा हात म्हणजे दुसरी नांगी, शिवाय बाजूला टेकवायचे ते दोन पाय. गेल्या महिन्यात त्याने फाटकाजवळचे दगड हलवले, खताचा ढीग उलथापालथा केला आणि आईचं लोखंडी कपाट व्हरांड्यात आणून ठेवलं. कपाट बकेटमध्ये आडवं बांधलं होतं आणि आई त्यावर एक हात ठेवून शेजारून चालत होती, जणू पडलंच तर ती झेलणार होती. "हळू गं, काचेची भांडी आहेत त्यात, विटा नाहीत!" म्हटलं, भांडी आधी काढून का नाही ठेवलीस? तर म्हणे, "तू एवढी शिकलेली, तुला सुचलं का?" मध्यंतरी मागच्या हाताचा तेलाचा पाइप फुटला आणि मी डोक्यापासून पायापर्यंत न्हाऊन निघाले. आई दारातूनच म्हणाली, "चला, निदान तू तरी आता गंजायची नाहीस." तुला हे फोनवर सांगितलं असतं तर तू खिदळला असतास. मीही हसले असते. म्हणूनच सांगितलं नाही.

बाबा गेल्यावर आपण हे जुनं यंत्र घेतलं तो दिवस तुला आठवत असेल. पहिल्या दिवशी सीटवर तू होतास, आणि पहिल्याच घासाला घराकडे येणारा नळ फोडलास. कारंज्याखाली उभा राहून तू मला म्हणालास, "मास्तरीणबाई, उद्यापासून तुम्ही वर, मी खाली." तेव्हापासून तेच ठरून गेलं. मी कधी कुणाला शिकवलेलं नाही, पण प्रत्येक गोष्ट दोनदा तपासते म्हणून तुझ्या लेखी मी मास्तरीण. मला ते आवडायचं. सीट फिरवून मागे तोंड करायचं, पाय टेकवायचे, पुढची बकेट जमिनीत रोवायची आणि खणायचं. आवाक्यातलं खणून झालं की पाय उचलून ट्रॅक्टर थोडा पुढे न्यायचा आणि पुन्हा तेच. यात एक गंमत आहे, जी आपल्या दोघांशिवाय कुणाला कळायची नाही. खणणाऱ्याला फक्त खणून झालेलं दिसतं. पुढे जिथे जायचं ती चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ कायम त्याच्या पाठीशी असते. इंजिनच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही. म्हणून खालचा माणूस रेघ बघणार आणि वरचा माणूस त्याचा हात बघणार. मूठ म्हणजे थांब, तळवा म्हणजे हळू, बोट म्हणजे त्या बाजूला. वर बसलेल्याने शंका काढायची नाही, खाली उभ्या असलेल्याने नजर हलवायची नाही. औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर शेवटपर्यंत वाचणारी मी, त्या सीटवर मात्र कधी मान वळवून पाहिलं नाही. तुला ठाऊक आहे, आयुष्यात इतकं निर्धास्त मला दुसरीकडे कुठेच वाटलेलं नाही.

जानेवारीत तू आलास तो शनिवार मी मनात पुन्हा पुन्हा चालवून पाहते. नवे बूट घालून आलास, म्हणालास, पावसात शेडमागे पाणी साठतं, चर काढून ओढ्याला सोडू. मी चहा संपवून बाहेर येईपर्यंत तुझी फक्की मारून झाली होती. एवढी घाई तुला कामाची कधी नसते, असं मनात आलं, आणि मला त्याचं कौतुक वाटलं. कौतुक, दादा. दिवसभर मी तुझ्या बोटाकडे बघत खणत राहिले. माती मऊ लागली होती, कडा सुरेख उभ्या राहत होत्या, आणि मी आपली खूश. दुपारी आई चहा घेऊन आली. एरवी ती आली की दहा चुका काढते. त्या दिवशी चराच्या काठाशी उभी राहिली, आधी तुझ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि कप ठेवून गेली. मला वाटलं, गुडघा दुखत असेल.

संध्याकाळी खाली उतरले तेव्हा दिसलं की चर शेडमागून सरळ निघून विहिरीच्या अलीकडे एक वळण घेऊन पुन्हा सरळ गेला आहे, आणि विहीर पलीकडे राहिली आहे. मी विचारलं होतं तुला. "हा असा का वळला रे?" तू म्हणालास, "उतार तसा आहे गं. पाणी काय माझं ऐकतं?" मी हसले. मग तू मला परत सीटवर बसायला लावलंस आणि फोटो काढलास: मी, खेकडा आणि मागे तो सरळसोट चर. आईला दाखवतो म्हणालास. तिला तू तो कधी दाखवला नाहीस.

फोटो मला दाखवला तो दाताच्या डॉक्टरांनी. पण त्याआधी खांब आले. एक दिवस सिमेंटच्या खांबांनी भरलेला ट्रक फाटकाशी थांबला. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "ताई, कुंपणाचा चर कुठंय? तयार आहे म्हणाले साहेब." मी म्हटलं, चर आहे, पण तो पाण्याचा. त्याने जाऊन बघितलं आणि परत येऊन अगदी समजुतीने सांगितलं, "पाण्याच्या चराला कुणी एवढं सरळ खणतं का, ताई? हा हद्दीचा आहे." तरी मी त्याच्याशी वाद घातला, दादा. तुझ्या बाजूने वाद घातला. पत्ता चुकलाय तुमचा, म्हटलं. तेवढ्यात मागून गाडीतून डॉक्टर उतरले. सभ्य माणूस आहे, आवाज इतका मऊ की आपण तोंड उघडून खुर्चीतच बसलोय असं वाटावं. म्हणाले, खालची बाजू त्यांनी घेतली, सुट्टीला यायला छोटं घर बांधायचं आहे. माझा चेहरा बघून ते गोंधळले. खिशातून फोन काढून तो फोटो समोर धरला आणि म्हणाले, "पण तुमची संमती आहे ना? मी तुमच्या भावाला मुद्दाम विचारलं होतं. ते म्हणाले, अहो, बहिणीनेच स्वतः हद्द खणून दिलीय, बघा."

फोटोत मी हसते आहे. माझा इतका चांगला फोटो कित्येक वर्षांत निघालेला नाही.

आता मी स्वतःची उलटतपासणी केली आहे, ती तुला प्रामाणिकपणे सांगते. खालची बाजू बाबांनी विहिरीसकट तुझ्या नावावर केली, वरची माझ्या. विकायचा हक्क तुझा होता, मला ते मान्य आहे. तू विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं का? म्हटलं असतं. रडले असते, भांडले असते, विहिरीवरून तर नक्कीच भांडले असते, आणि शेवटी बहुधा तुझ्या गरजेपुढे गप्प बसले असते. ती गरज काय होती, हेही तू मला सांगितलेलं नाहीस. माझी कटकट टाळायची होती, एवढं मी समजू शकते. मी कटकटी आहेच. पण टाळायचीच होती तर मजूर आणायचे होतेस. मोठं यंत्र भाड्याने मिळतं. माझ्याच हातांनी, आपल्याच विहिरीच्या अलीकडून, माझ्या पाठीमागची रेघ मला न दाखवता का खणून घेतलंस? पुरावा हवा होता म्हणून? की माझ्यासमोर बसून सांगण्यापेक्षा माझ्यासमोर उभं राहून बोट दाखवणं सोपं गेलं? कोणतं उत्तर मला कमी दुखवेल, तेही मला ठरवता येत नाही.

आईला ठाऊक होतं. मी विचारल्यावर म्हणाली, "तो म्हणाला, मी सांगतो तिला. मला वाटलं, चर खणते आहे म्हणजे सांगितलंच असणार." मग व्हरांड्यात जाऊन बसली आणि संध्याकाळचा दिवाही लावायला उठली नाही. तिच्यावर मला रागावता आलं नाही. तिनेही तुझाच शब्द धरला होता.

डॉक्टरांनी पावसाळ्यापर्यंत विहिरीचं पाणी घ्या म्हटलं आहे. त्यांचा चांगुलपणा आहे, पण आपल्याच विहिरीवर पंप चालू करायच्या आधी मी आता त्यांना फोन करते. तेव्हा वरच्या खडकातला झरा घरापर्यंत आणायला हवा, म्हणजे पुन्हा चर आणि पुन्हा नळ. मधूनच घराची विजेची तार जाते, आपण पुरलेली. आईला निरोप देऊन तू कळवलं आहेस की रविवारी येतोस. "तिला म्हणावं, काळजी करू नकोस, ती वर, मी खाली, एका दिवसात पाणी आणतो." निरोप सांगताना आईचा चेहरा उजळला होता. तिच्यापुरतं तर सगळं मिटलंच.

हे पत्र त्या रविवारसाठी आहे. तू येऊ नकोस. आईला भेटायला केव्हाही ये, जेव, राहा, तिचं कपाट पुन्हा आत न्यायचं असेल तर ने. मी दार लावणार नाही आणि तुला टाकूनही बोलणार नाही. जमीनही मागत नाही. पण चराच्या काठाशी तू उभा राहायचं नाहीस. काल मी खेकडा वर नेऊन उभा केला, सीट फिरवली, पाय टेकवले आणि डोळ्यांसमोर तुझा हात आणला. तुझं बोट डावीकडे गेलं. माझी मान मागे वळली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा वळली. मग मी इंजिन बंद केलं. पुरलेल्या तारेपाशी अशी मान वळवून खणता येत नाही, हे तुला मी सांगायला नको. घरात पाणी मी आणीन. पण तुझ्या हाताच्या भरवशावर मी आता एक घाससुद्धा माती काढू शकत नाही, आणि हे फोनवर मला म्हणता आलं नसतं.

तरीही तुझीच,
धाकटी

(डायरीत, त्याच रात्री) उद्या: रविवारी चराच्या काठाशी उभी राहून मला हात दाखवायला येशील का, असं पलीकडच्या वेल्डरच्या बायकोला विचारणे.