कानात न सांगितलेलं नाव

कुझपिनार,
११ फेब्रुवारी १९८६

प्रिय बाबा,

तुमचे आणि आईचे हात ओठांना आणि कपाळाला लावते. मी बरी आहे. बर्फ खिडकीच्या चौकटीपर्यंत आलंय. शाळेची शेगडी धुरकटते, पण मुलं घरून एकेक लाकूड घेऊन येतात. आईचे गुडघे कसे आहेत? तिने विणलेले मोजे मी एकावर एक दोन चढवते.

हे पत्र एकट्यानेच वाचा. फौजेत शिकलेली अक्षरं तुम्हाला सावकाश लागतात, म्हणून मोठी काढली आहेत.

माझ्या वर्गात एकतीस मुलं आहेत, त्यांत सात फातमा. हाक मारली की सात माना वर होतात. म्हणून मी एक दिवस या नावाचाच धडा घेतला. पैगंबरांच्या लेकीचं हे नाव अरबस्तानातून निघून आपल्या तुर्की डोंगरांत कसं रुजलं, आजारी माणसाच्या पोटावर हात ठेवताना आपल्या बायका ‘हात माझा नाही, फातमा मातेचा’ असं का म्हणतात, हे सगळं सांगितलं. नावाचा अर्थही सांगितला : अंगावरचं दूध सुटलेली. त्यावर उंच फातमा उठून म्हणाली, “मग बाई, आमचा धाकटा फातमा कधी होणार? तीन वर्षांचा घोडा झाला, तरी आईला सोडत नाही!” वर्ग शेगडीच्या धुरातही हसत राहिला.

मग मी सांगितलं, जन्मल्यावर तुमच्या कानात तीनदा नाव कुणी उच्चारलं ते घरी विचारून लिहून आणा. गिरणीवाल्याच्या फातमाने एकच ओळ आणली. ‘माझ्या कानात कुणी सांगितलं नाही, नाव घरात आधीच होतं.’

बाबा, मी ती वही बंद केली आणि मुलांना लवकर सोडलं.

तिची थोरली बहीण तान्हेपणीच गेली. नोंद कुणी खोडली नाही, तीच ओळखपुस्तिका हिला दिली. पोर तेरा वर्षांची आहे, कागदावर सोळा. पंधरा भरली की कायदा लग्नाला हरकत घेत नाही. रस्ता मोकळा झाला की वऱ्हाड येणार होतं.

मी गिरणीवर गेले. तिच्या वडिलांनी पिठाचा हात झटकून चहा दिला.

“अहो, ती अजून दोरीवरच्या उड्या मारते,” मी म्हटलं.

“मारू दे की. नवऱ्याच्या अंगणातही दोरी असते.”

“तिचं खरं वय तुम्हाला माहीत आहे.”

“बाई, सरकारी शिक्का खोटा म्हणता? मग तुमच्या पदविकेवरचा खरा कशावरून?”

ते सहज बोलले. मी चहा संपवला आणि परत आले. आठ दिवस नेहमीसारखी हजेरी घेतली.

शाळेत घातलंत तेव्हा मला खरी पाच वर्षंही पुरी नव्हती. इतकी बुटकी, की बाकावरून पाय लोंबायचे. हुशार आहे, म्हणून तुम्ही गावभर सांगायचात. नेमणूक झाली तेव्हा मी खरी अठराचीही नव्हते, आणि त्याआधी सरकार कुणाला नेमत नाही. मी बोलले तर माझी शाळा जाते. गप्प बसले तर ती पोर जाते.

आता सांगते. गेल्या शुक्रवारी बर्फ काढणाऱ्या गाडीतून मी तालुक्याला गेले. सरकारी वकील म्हणाले, “कागद म्हणजे कागद. मेलेल्या मुलीच्या पुस्तिकेवर दुसरी चालवतात, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“मी तशीच आहे.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “पोरी, घरी जा. मी काही ऐकलं नाही.”

“लिहा,” मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं. तुमचंही नाव लिहिलं, बाबा. मी सही केली ती तुमच्या गेलेल्या थोरलीच्याच नावाने. दुसरी सही माझ्याकडे नाही.

गिरणीवाल्याच्या पोरीचं लग्न, वय ठरवायला हाडांचा एक्स-रे होईपर्यंत थांबलंय. माझाही एक्स-रे होणार आहे. तोवर मी शिकवायचं नाही. रस्ता पुन्हा बंद झालाय. मुख्याध्यापक वर्ग घेतात आणि मी भिंतीअलीकडे, माझ्या खोलीत बसून सात जणींची हजेरी ऐकते. गिरणीवरून येणारी भाकर बंद झाली. ती पोर रस्त्यात दिसली, तर मान फिरवते. तिची दोरी मात्र अंगणात आपटताना ऐकू येते.

तुम्हाला बोलावणं येईल. माझा राग करा, पण खरं सांगा. आईने दूध तोडलं त्याच महिन्यात ताप येऊन थोरली गेली, आणि ही नंतर झाली, एवढं म्हणा. दोन होत्या म्हणा. आई दर ईदला कब्रस्तानाच्या भिंतीजवळच्या त्या बिननावाच्या दगडाशी का थांबते, हे मी कधी विचारलं नाही.

मी जन्मले तेव्हा कानात नाव सांगायच्या वेळी आजोबा म्हणाले होते, “ते एकदा सांगून झालंय.” आजोबा आता नाहीत. कोर्टात याल, तेव्हा आधी माझ्या कानाशी या. दुसरं नाव नको, फातमाच म्हणा. पण या वेळी मला म्हणा.

तुमची दुसरी मुलगी