उघड्या हाताने घेतलेला कॅच

शनिवार, १३ जून, आखन (जर्मनी)

उजवा हात अजून झणझणतोय, अक्षर वेडंवाकडं येतंय, पण आज लिहायलाच हवं!

बेसबॉलच्या सरावात मी पिचिंग, म्हणजे इथली बोलिंग, करत होते. समोरून सणसणीत फटका आला आणि डाव्या हातात ग्लव्ह असताना मी उजव्या, उघड्या हाताने कॅच घेतला. का? पुण्यात आयुष्यभर क्रिकेट खेळलेय, दुसरं काय! ट्रेनर कडाडले, "ग्लव्ह कशाला दिलाय?" वाटलं, उद्याच्या मॅचमधून आपण बाहेर.

मग त्यांनी क्लबच्या भिंतीवरचा एक फोटो दाखवला. एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन पिचर. ग्लव्ह नाही, बदली पिचर नाही, सगळा सीझन एकटाच बॉल टाकायचा. काही वर्षं लोकांनी डोक्यावर घेतलं, मग हात कामातून गेला आणि तरुणपणीच खेळ संपला. बोटं बघवत नव्हती. सगळी वाकडी. पण चेहरा काय खूश!

"तुझा कॅच बघून हाच आठवला," ट्रेनर म्हणाले. "उद्या पिचिंगची सुरुवात तू करायचीस. पण बोटं सांभाळ."

मी! सुरुवात!

बसमध्ये ग्लव्ह काढलाच नाही. लोक बघत होते. बघू देत.

ती बोटं मात्र डोळ्यांसमोरून जात नाहीयेत. त्याला कुणी 'बोटं सांभाळ' म्हणून सांगितलं असतं, तर त्याने ऐकलं असतं?

मी तरी कुठे ऐकणार आहे!