टाळी, खाली आणि इटालियन

वाल्डॉर्फ, शनिवार

प्रिय उर्जा,

मराठी ई-मेल वाचायला वेळ लागतो ही तक्रार नको. सावकाश वाच, पण मात्तेओ शेजारी नसताना वाच.

दिवाळीत तू त्याच्याशी लग्न ठरवल्याचं सांगितलंस, तेव्हापासून तुझे बाबा तुझ्याशी बोलत नाहीत. माझ्याशी सगळं बोलतात, फक्त तुझा विषय सोडून. हल्ली दर मंगळवारी संध्याकाळी गुडघ्यांसाठी फिरायला जातात. फिरायला जाणारा माणूस खांद्याला बॅग आणि खिशात दोन पेनं कशाला नेतो, हे मी विचारलं नाही.

परवा हायडेलबर्गच्या बसमध्ये चोरी पकडली गेली. हे पुटपुटत मांडीवर ताल धरत होते, तरुणपणी तबला शिकलेत ना. नीट ऐकलं तर इटालियन क्रियापदं! आपण मराठी माणसं सगळी अक्षरं सारखीच रेटतो. तिथे म्हणे जोर एकाच अक्षरावर, आणि तोही सारखा जागा बदलतो. 'पार्लो', मी बोलतो, जोर पहिल्यावर. 'पार्लियामो', आपण बोलतो, तो मध्ये सरकला. 'पार्लानो', ते बोलतात, की स्वारी परत पहिल्यावर. यांनी त्यावर तोड काढली आहे: जोर तिथे टाळी, बाकी अक्षरांना खाली, म्हणजे हात हवेत. 'पार्लानो'ला एक टाळी आणि दोनदा हात हवेत. समोरच्या जर्मन आजींना वाटलं, हे आपल्यालाच हात करताहेत. त्यांनीही केला. हे आपल्याच तंद्रीत, पुढचं क्रियापद घेतलं. आजींनी पुन्हा केला, या वेळी जरा लाजून. मी खिडकीबाहेर बघत बसले.

घरी आल्यावर सगळं कबूल केलं: मंगळवारचं फिरणं म्हणजे इटालियनचा वर्ग. वर्गातल्या बाईंना ही पद्धत इतकी आवडली आहे की आता अख्खा वर्ग टाळ्या वाजवून हात हलवतो. बाई जर्मनमध्ये 'गेनाऊ, हेर हरीश', म्हणजे 'अगदी बरोबर, हरीशराव' म्हणाल्या, हे मला जेवताना तीनदा ऐकावं लागलं.

आता खरं कारण सांगते. लग्नात मात्तेओच्या आईवडिलांचं स्वागत यांना स्वतःच्या तोंडाने, त्यांच्या भाषेत करायचं आहे. ते भाषण पाठ झालंय. पण तुझ्याशी मराठीत पहिलं वाक्य काय बोलावं, ते काही केल्या सुचत नाहीये. रोज फोन हातात घेतात आणि ठेवून देतात. मला बघवत नाही गं. उद्या सकाळी घरच्या फोनवर फोन कर. मी उचलणार नाही.

तुझीच,
उद्या सकाळभर बाल्कनीत कपडे वाळत घालणारी
आई