दोन फोनो स्टेज आणि माझा डावा कान

बाबा, मला भीती वाटते आहे आणि ती तुम्हालाच सांगायची आहे. तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली. मी तेव्हा सातवीत होते. आता मीही धाटावच्या एमआयडीसीत कामाला जाते, तुमच्या कंपनीत नाही, तिच्यापुढे दोन गेट सोडून. आपल्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. बीएस्सीनंतर औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा केला. प्लांटमधल्या लोकांना चष्मा लावा, हातमोजे घाला, कानांवर इअरमफ चढवा, असं सांगत दिवसभर फिरणं हे माझं काम. मी सगळ्यात जास्त कानांविषयी बोलते म्हणून मला तिथे ‘कानवाली मॅडम’ म्हणतात. मी कानांविषयीच का बोलते हे तिथे कुणाला माहीत नाही.

उन्हाळ्यात तुमची लोखंडी ट्रंक उघडली. रोह्याच्या लाऊडस्पीकरवाल्याने कॅसेटचा जमाना आल्यावर विकायला काढलेल्या रेकॉर्ड तुम्ही उचलून आणल्या होत्या, त्या सगळ्या नीट होत्या. भजनं, नाट्यगीतं, लग्नातली गाणी. प्लेअर मात्र संपला होता, त्याचं चाक फिरतच नव्हतं. आणि रेकॉर्डच्या खाली एक प्लास्टिकची पिशवी होती, तिच्यात कंपनीने दिलेले इअरप्लग. एकही पाकीट फोडलेलं नाही. मी ते हातात घेऊन किती वेळ बसले! आई म्हणाली, “चांगली वस्तू हाय, साहेब आले का घालीन, असं म्हणायचे. रोज कापूसच घालायचे गो.” आपल्याकडे काचेच्या बशा पाहुण्यांसाठी ठेवतात, तसे तुम्ही स्वतःचे कान तपासणीच्या दिवसासाठी राखून ठेवले होते. आणि कंपनीतला तो कर्कश कॉम्प्रेसर तुमच्या कानाशी रोज चालत होता.

एक रविवार मला स्पष्ट आठवतो. तुमची साप्ताहिक सुट्टी, खाटेजवळ प्लेअर लावलेला, आणि तुमचा तळवा त्याच्या लाकडी पेटीवर टेकलेला. गाणं लागलं की तुम्ही हात तिथेच ठेवायचात. मला वाटायचं, लाडाने ठेवता. मी पाचवीत आहे, शाळेत कविता म्हणायची आहे, म्हणून तुमच्यासमोर उभी राहून म्हणते आहे. तुम्ही म्हणता, “तोंडातल्या तोंडात काय बोलतेस? मोठ्यानं बोल!” मी पुन्हा म्हणते. तुम्ही पुन्हा ओरडता. तिसऱ्यांदा मी इतक्या मोठ्याने म्हणते की शेजारची म्हातारी दारात येते, आणि तुमच्या कपाळावर तरीही आठी. मी रडत मागच्या दारी जाते. संध्याकाळी तुम्ही कागदात बांधलेली गरम भजी माझ्या मांडीवर ठेवता. मला त्या दिवशी माझाच आवाज वाईट आहे असं वाटलं. दोन वर्षांनी तुम्ही सायकलवरून शिफ्टला निघालात आणि मागून टँकर आला. ड्रायव्हर सगळ्यांना सांगत होता, हॉर्न दिला होता, खूपदा दिला होता. गावाने त्याला खोटं ठरवलं. मला वाटतं, तो खरं बोलत होता.

मी नवा प्लेअर घेतला, बाबा. तुमच्या वेळी सगळं एकाच पेटीत असायचं, आता वेगवेगळं घ्यावं लागतं. सुईतून निघणारा आवाज फार क्षीण असतो. शिवाय रेकॉर्ड कापतानाच जाड आवाज दाबलेले आणि बारीक आवाज चढवलेले असतात, नाहीतर खाचा मावत नाहीत. हे सगळं उलटं करून आवाज मूळ जागेवर आणणारा आणि वाढवणारा छोटा डबा मध्ये जोडायचा असतो, त्याला फोनो स्टेज म्हणतात. तो कोणता घ्यावा हे कळेना, म्हणून मी पेणला काकांकडे गेले. तुमच्याच कंपनीत इन्स्ट्रुमेंट विभागात होते ते. निवृत्त होऊन त्यांनी घराची एक खोली गाण्यांना दिली आहे. काकू म्हणतात, “ह्यांची सवत आहे ती खोली.”

काकांनी दोन डबे एका स्विचला जोडले. एक त्यांनी स्वतः बनवलेला, एक विकतचा. मला दोन स्पीकरांसमोर मधोमध बसवलं, माझ्याकडे पाठ करून स्विचवर हात ठेवला, भजनाची रेकॉर्ड लावली. थोड्या वेळाने म्हणाले, “हा पहिला. आता हा दुसरा ऐक. टाळ ऐक टाळ. सांग, कुठला बरा?” मी डोळे मिटून ऐकलं आणि म्हटलं, “दुसरा. दुसऱ्यात टाळ जास्त मोकळे वाटतात.” काका वळले आणि गदागदा हसायला लागले. “अगो, मी स्विच फिरवलाच नाय!” काकू आतून म्हणाल्या, “पोरीला कशाला छळता?” काका म्हणाले, “छळ कसला? सगळे असेच फसतात. मुंबईचे मोठे मोठे शौकीन फसवलेत मी या खुर्चीत. आता खरा फिरवतो.”

त्यांनी खरोखर फिरवला. मी हसत पुन्हा डोळे मिटले. काका दर थोड्या वेळाने बोट वर करत होते, बघ, आता बदललं, बघ, परत. मला काहीच बदललेलं ऐकू येत नव्हतं. काकू चहा घेऊन आल्या आणि कप ठेवता ठेवता सहज म्हणाल्या, “तुमचा घरचा डबा मऊ वाजतो हो, टाळाला धार नाय.” त्यांनी स्विचकडे बघितलंही नव्हतं. मी मान डोलावली. दोन्ही डबे आठवडाभर घरी नेऊन ऐकते, असं सांगून निघाले. परतताना स्कूटीवर मी सारखी आरशात बघत होते. वाटेतल्या निडी गावापर्यंत मला एकही हॉर्न ऐकू आला नाही. कुणी वाजवलाच नव्हता की मला ऐकू आला नाही, हे ठरवायला माझ्याकडे काही साधन नव्हतं.

आता जे सांगते ते तुम्हाला पटणार नाही, किंवा तुम्हालाच पटेल. मी इअरमफ लावते, रोज लावते. पण कॉम्प्रेसरजवळ तुमच्या वयाचे लोक काम करतात. ते काही बोलायला आले की माझा हात आपोआप वर जातो आणि मी डाव्या कानावरचा मफ बाजूला करते. वडीलधाऱ्या माणसाशी कान झाकून कसं बोलायचं? एकदा मफ न काढताच बोलले, तर त्यांच्यातले एक काका बाकीच्यांना म्हणाले, “शिकली ना, आता आपलं कशाला ऐकंल!” ते मला फार लागलं. तेव्हापासून प्रत्येकासाठी मफ काढला. तीन वर्षं, दिवसातून पंधरा-वीस वेळा. लोकांना कान झाका म्हणून सांगण्यासाठीसुद्धा मी माझा कान उघडा केला. गेल्या महिन्यात कंपनीत कानांची तपासणी झाली. माझ्या कागदावर डाव्या कानाची रेघ शेवटाकडे, म्हणजे बारीक आवाजांच्या बाजूला, खाली उतरली आहे, उजव्याचीही थोडी कलली आहे, आणि खाली लिहिलं आहे, कानाच्या डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घ्या. तो कागद मी नाट्यगीतांच्या रेकॉर्डच्या कव्हरमध्ये घालून ठेवला. हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला सगळ्यांसमोर उभं करून बोलले असते.

काल दुपारी आई तांदूळ निवडत बसली होती. मी लग्नाच्या गाण्यांची रेकॉर्ड पुसून लावली. सुई टेकली की आधी थोडी खरखर येते आणि मग माणसं एकदम घरात येतात, ते मला फार आवडतं. जाड आवाज मला पुरेपूर येतो, बाबा, ढोलकी तर छातीत वाजते, आणि तेवढ्यावरही मी सुखी असते. एक बाजू एका डब्यावर वाजवली, मग वायर बदलून तीच बाजू दुसऱ्यावर. आईला म्हटलं, सांग कुठला ठेवू? ती सुपातून मान वर न करता म्हणाली, “हाच ठेव. बायका टाळ्या देतात ना, तवा ह्याच्यात बांगड्या वाजतात. मघाच्यात दाबल्यासारख्या होत्या.” मी म्हटलं, “व्हय, बांगड्या छान वाजतात.”

आईने सूप खाली ठेवलं. माझ्याकडे बघत राहिली. मग तिने गाणं चालू असतानाच हाताने तोंड झाकून काहीतरी विचारलं. मला ओठ दिसले नाहीत. मी पुन्हा म्हटलं, “व्हय.”

ती उठली, माझ्याजवळ येऊन बसली आणि माझी हनुवटी धरून म्हणाली, “मी विचारलं, आज वार कुठला. तुझा बाप पण व्हयच म्हणायचा. मी येडी, मला वाटायचं माझं सगळं पटतं त्याला.” मी कागद काढून दिला. तिला वाचता येत नाही, पण रेघ खाली जाते आहे हे तिला कळलं. “झाकून काय ठेवलंस गो? गाणं हाय का ते? उद्याच्या उद्या सुट्टी टाक.”

आज सुट्टी टाकली, उद्या पेणला कानाच्या डॉक्टरांकडे जायचं आहे. गेलेला कान परत येत नाही, हे मीच प्लांटमध्ये फळ्यावर लिहिते. डॉक्टर काय म्हणतील याची भीती आहेच, त्यानंतर कंपनीत काय सांगायचं याची आहे, आणि कॉम्प्रेसरजवळच्या त्या काकांसमोर पहिल्यांदा कान झाकून उभं राहायची सगळ्यात जास्त आहे. पण उभी राहणार. हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते माझ्याजवळच राहील. फक्त एक सांगते. आईला मी म्हटलं की तू बरोबर चल, मला धीर येईल. ते अर्धंच खरं आहे. दवाखान्यात गर्दी असते, कंपाउंडर आतूनच नाव पुकारतो, आणि माझं नाव मला ऐकू येईल याची मला खात्री नाही.