आत: शून्य

रहाटणी, रविवार

आदरणीय भीमराज मामांस,

आम्रपालीचा सप्रेम जयभीम. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो, की अजून खालच्याच खोलीत मुक्काम आहे? मामींच्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं हे आईकडून कळलं (आता त्यांना घरातली सगळी धूळ दिसायला लागली असेल, म्हणून काळजी तुमचीच वाटते). फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, मग मामी स्पीकर लावतात, आणि माझी नोकरी अख्खी गल्ली ऐकते. इकडे मी मजेत. सध्या रजेवर आहे.

मागे तुम्ही विचारलं होतंत, तू चाकणला नेमकं करतेस तरी काय? आम्ही लेथ चालवायचो, निदान सांगता यायचं. तर ऐका. आमच्या कारखान्याच्या गेटवर वॉचमन कामगारांचे मोबाइल जमा करून घेतो ना, टोकन देतो आणि टोकन दाखवलं की तोच मोबाइल परत देतो, तसलाच एक वॉचमन मी सर्व्हरवर बसवला. त्याला की-व्हॅल्यू डेटाबेस म्हणतात. टोकन म्हणजे कार्डाचा नंबर, आणि मोबाइलच्या जागी त्या माणसाची खबर: आत आहे की बाहेर. हा सगळं डोक्यात ठेवतो, म्हणून विजेसारखा चालतो. डोक्यातलं अधूनमधून डिस्कवर लिहून ठेव असं त्याला सांगावं लागतं, नाहीतर चक्कर येऊन पडला की उठल्यावर त्याला स्वतःचं नावही आठवत नाही.

बसवणं अगदी सोपं होतं. लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणाऱ्या मशीनवर एक ओळ टाइप केली आणि चहा गार व्हायच्या आत गडी कामाला लागला. मशीन मात्र स्टोअरमागच्या खोलीत, गळक्या एसीखाली (एसीखाली बादली, बादलीवर लक्ष ठेवायला मी). आमचे प्लांट मॅनेजर अर्जुनराव यांनी नारळ फोडला आणि कुंकू इतकं उधळलं की पंखा जाम झाला. मशीन तापायला लागलं. तेव्हा पेंट शॉपचे मेकॅनिक चांदभाई आले, स्क्रॅपमधला एक पंखा बसवून गेले आणि म्हणाले, "बेटा, देवाला लांबूनच नमस्कार करायचा असतो, मशीनला तर आणखी लांबून." असा माणूस. बाकी कारखान्यात मला कोणी नावाने हाक मारत नाही, "ओ सर्व्हर मॅडम" म्हणतात.

डिस्क जुनी होती. डेटाबेस लिहायला बसला की गेट अडखळायचं, शिफ्ट सुटताना रांग लागायची आणि कंपनीच्या बसेस हॉर्न वाजवत उभ्या राहायच्या. अर्जुनराव म्हणाले, "ते लिहिणं बंद कर." मी म्हटलं, "साहेब, मशीन बंद पडलं तर सगळं जाईल." "बंद का पडेल? जनरेटर आहे की!" मी पुन्हा सांगितलं, ईमेल केली, शेवटी बंद केलं. मग त्यांना हौस आली की गेटवरच्या टीव्हीवर, आत किती माणसं हा आकडा दिसतो तिथेच, प्रत्येकाचा फोटोही दिसावा. ते फोटोही त्याच डोक्यात कोंबले. जास्तीची मेमरी मागितली, तर पुढच्या वर्षी बघू. आता लिनक्समध्ये एक निर्दय मुकादम बसलेला असतो. मेमरी संपली की जो सगळ्यात जास्त जागा अडवून बसलाय त्याला तो जागीच ठार करतो. चौकशी नाही, नोटीस नाही (तुमच्या वेळच्या मालकांनी हे पाहिलं असतं तर हेवा वाटला असता त्यांना).

त्या दिवशी दुपारी पेंट शॉपमध्ये थिनरने पेट घेतला. भोंगा झाला. माणसं कार्ड दाखवत धडाधड बाहेर पडली, प्रत्येक कार्डामागे फोटो, आणि त्या गर्दीतच मुकादमाने आमच्या डेटाबेसला उडवला. पडला तर आपोआप उठव, असं मीच सांगून ठेवलं होतं. तो उठला. डोकं कोरं. टीव्हीचा प्रोग्राम लिहिणाऱ्याने अशी सोय केली होती की काही सापडलं नाही तर शून्य दाखवायचं. टीव्हीवर मोठ्ठं झळकलं, "आत: शून्य".

बंबाच्या अधिकाऱ्याने विचारलं, "आत कोणी आहे?" अर्जुनरावांनी टीव्हीकडे बोट केलं. बंबवाले बाहेरूनच पाणी मारू लागले. मी लॅपटॉप उघडून पाहिलं तर डेटाबेसमध्ये एकही नाव नव्हतं. मी ओरडले, "हे शून्य खरं नाही! त्याला काही आठवतच नाहीये!"

"आत्ता गोंधळ नको, आम्रपाली. कम्प्युटर शून्य म्हणतोय ना?"

"साहेब, त्याच्याकडे माझंही नाव नाही नि तुमचंही नाही. मग आपण दोघं कुठे उभे आहोत?"

 मी मैदानात धावत सुटले, ज्याला त्याला विचारत, तुमच्यातलं कोण दिसत नाही? पेंट शॉपमधल्या नीलाने आपली माणसं मोजली. म्हणाली, "चांदभाई. ते रंग वाळवायच्या भट्टीखाली पंखा खोलत होते." बंबवाले मास्क लावून आत गेले. मामा, त्यांना बाहेर आणलं तेव्हा हातात पाना तसाच होता. सोडवेना.

जिवंत आहेत. छातीत धूर गेलाय, नळीतून श्वास चालू आहे. त्यांच्या पत्नी रुक्सानाभाभी दवाखान्याच्या व्हरांड्यात चटई टाकून बसतात आणि मी गेले की मलाच विचारतात, जेवलीस का.

मामींना नमस्कार.

तुमची,
आम्रपाली

ता. क. रजा मी घेतलेली नाही, कंपनीने दिली आहे. चौकशी होईपर्यंत गेटच्या आत यायचं नाही. परवा तिथून सर्व्हरच्या पासवर्डसाठी फोन आला. आधी वाटलं, देऊच नये. मग आठवलं, आत तिन्ही शिफ्टला माणसं असतात. दिला.

ता. क. आणखी एक. कंपनीचं म्हणणं असं की चांदभाईंच्या कार्डाची त्या दिवशीची नोंदच नाही, म्हणजे ते कामावर नव्हतेच, परवानगीशिवाय आत शिरले. भरपाईचा प्रश्न येत नाही. मंगळवारी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात सुनावणी आहे. नोंद का नाही ते मी तिथे सांगणार आहे. नीला येणार होती, पण तिचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय, तेव्हा तिचं काही खरं नाही. आईला यातलं काही ठाऊक नाही. गुडघ्याला जमत असेल तर याल का? बोलायचं काही नाही मामा, बोलेन मीच. तुम्ही फक्त माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसा.